संपलेल्या सेलचे काय करायचे?

पावसाळ्याआधी धान्य कसे भरून ठेवावे, याविषयी मागील अंकात आपण बोललो. त्यावर चुडाव्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "डब्यांचे तर समजले, पण आमच्या कपाटाच्या खणात संपलेल्या सेलचा ढीग साठला आहे. काही सेलमधून पाणी सुटले आहे. उकिरड्यावर टाकले तर पोरे उचलून घरात आणतात. चुलीत टाकू नका, असे सगळे सांगतात. मग टाकायचे कुठे? शिवाय एक जुनी मोबाइलची बॅटरी फुगून बसली आहे. तिला हात लावायचीच भीती वाटते."

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले, पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले रेल्वे स्थानक असलेले गाव. कचरा वेगळा करून नेणारी मोठ्या शहरासारखी गाडी अशा गावाच्या दारात रोज येत नाही. म्हणून या भगिनीचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांचा प्रश्न आहे. या वेळचे सदर त्यासाठीच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या गावांत 'बॅटरी' म्हटले की हातातली विजेरी डोळ्यांपुढे येते, आणि तिच्या पोटात घालतात तो 'सेल'. इन्व्हर्टरची ती बॅटरी आणि मोबाइलमधली तीही बॅटरीच. या लेखात आम्ही सुट्या गोल तुकड्यांना सेल म्हणू, हातातल्या बॅटरीला टॉर्च म्हणू आणि मोबाइल, इन्व्हर्टर, फवारणी पंप यांच्यात असते तिला बॅटरी म्हणू.

घरातले सेल मोजून पाहा

एका संध्याकाळी घरभर फिरून मोजदाद करा. टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, अजान देणारे घड्याळ, सहरीच्या वेळी हाताशी लागणारा टॉर्च, बीपी मोजायचे यंत्र, साखर तपासायचे यंत्र, ताप मोजायची काडी, वजनकाटा. मुलांनी ईदीच्या पैशांतून आणलेली गाडी, चालताना चमकणारे बूट, उघडले की गाणे म्हणणारे शुभेच्छापत्र. दादीच्या बोटातली आकडे दाखवणारी तस्बीह. नानांच्या कानातले यंत्र. शिवाय मोबाइल, पॉवर बँक आणि लाइट गेल्यावर लागणारा चार्जिंगचा दिवा आहेतच. पूर्वी घरात फक्त रेडिओ आणि टॉर्च होता. आज सेल नाही अशी खोली सापडत नाही.

या सगळ्या सेलमध्ये एक गोष्ट सारखी आहे. वस्तू चालेनाशी झाली म्हणजे आपण सेल संपला असे म्हणतो, पण त्या वस्तूला चालवण्याइतका जोर त्याच्यात उरला नाही एवढाच त्याचा अर्थ. आतली रसायने तशीच असतात आणि थोडी वीजही असते. घरात जे अपघात होतात, त्यांतले पुष्कळसे या 'संपलेल्या' सेलमुळे होतात, कारण नव्या सेलला आपण जपतो आणि जुना कुठेही टाकून देतो.

सेल पाझरतो कसा

स्वस्तातल्या साध्या सेलचे बाहेरचे नळकांडे जस्ताचे असते. हे जस्त नुसते भांडे नसते, वीज तयार करायला तेच खर्ची पडते. म्हणजे सेल जसजसा वापरला जातो, तसतसे त्याचे भांडे आतून झिजत जाते. शेवटी बारीक भोक पडते आणि आतला ओलसर लगदा बाहेर येतो. या लगद्यात नवसागर किंवा जस्ताचा क्षार असतो. आपला कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच हा नवसागर. धातूची पट्टी तो लवकर खातो.

थोडे महाग अल्कलाइन सेल मिळतात. त्यांच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचा दाहक क्षार. तो बाहेर येऊन हवेला लागला की पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते. मुलांना ते मीठ वाटते. बोट लावून चाखण्यासारखे ते मुळीच नाही.

सेल लवकर पाझरायला आपल्याच काही सवयी कारण होतात. एक सवय म्हणजे सेल दाताने चावणे किंवा दगडाने चेपणे. चेपल्यावर आतला लगदा जस्ताला पुन्हा टेकतो आणि टॉर्च चार-दोन मिनिटे उजेड देतो, पण भांड्याला चीर गेलेली असते आणि तो क्षार दातांना व ओठांना लागतो. दुसरी सवय, सेल उन्हात तापत ठेवणे. ऊब मिळाली की आतली क्रिया जरा वेगाने होते, म्हणून थोडा वेळ फरक वाटतो. मात्र उन्हाने आतला दाब वाढतो आणि सेल फुटायला आमंत्रण मिळते.

तिसरी सवय सर्वांत जास्त आढळते. तीन सेलच्या टॉर्चमध्ये दोन जुने आणि एक नवा घालायचा. नवा सेल जोर लावतो आणि त्यांतला सर्वांत दुबळा आधी रिकामा होतो. बाकीचे त्याच्यातून उलटी वीज ढकलत राहतात. तोच मग पाझरतो आणि नव्याचाही नाश करतो. म्हणून सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घालावेत. चार्जिंगचे सेल आणि साधे सेल एकत्र घालू नयेत. साधा सेल चार्जरला तर कधीच लावू नये, तो फुटू शकतो.

हे नुकसान काही रुपयांपुरते राहत नाही. कृषिपंपाची लाइट रात्रीच्या पाळीला आली की घरातला माणूस टॉर्च घेऊन शेतात जातो. पाय कुठे पडतो, पायाखाली काय आहे, हे त्या उजेडावरच ठरते. सेल पाझरून पट्टीला गंज चढलेला टॉर्च घरात एकदा पेटतो आणि बांधावर गेल्यावर बंद पडतो. पावसाळ्यात सापाच्या दिवसांत हा धोका घ्यायचा नाही. शेतात जाणाऱ्या टॉर्चचे सेल महिन्यातून एकदा काढून पाहावेत.

पाझरलेला सेल कसा काढावा

उघड्या हाताने काढू नये. रबरी हातमोजा नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. मुलांना लांब ठेवावे. सेल ओढून निघत नसेल तर चाकू खुपसू नये, लाकडी काडीने हलकेच उचकावे.

अल्कलाइन सेलची पांढरी खपली असेल तर कानातल्या कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा शिरका घेऊन पट्टीवर फिरवावा. किंचित फेस येईल, म्हणजे क्षार मरतो आहे. साध्या जस्ताच्या सेलचा तपकिरी, ओला लगदा असेल तर आधी कोरड्या कापसाने टिपून घ्यावा आणि मग खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप लावून पुसावा. कोणता सेल आहे ते सेलवर लिहिलेले असते. नंतर किंचित ओल्या कापडाने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि पट्टीवर गंज उरला असेल तर बारीक पॉलिश पेपर घासावा. एवढे केल्यावर पुष्कळ रिमोट आणि घड्याळे पुन्हा चालू होतात. पट्टी पार खाल्ली गेली असेल तर दुरुस्तीवाला ती थोडक्या पैशांत बदलून देतो.

हाताला लागले तर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावे. डोळ्यात उडाले तर डोळा चोळू नये. पापणी उघडी धरून निदान 15 ते 20 मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात लिंबू, सोडा, गुलाबपाणी, दूध काहीही घालू नये. काम झाल्यावर कापूस आणि काड्या पिशवीत बांधून टाकाव्यात आणि हात साबणाने धुवावेत. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये.

बटन सेल आणि लहान मूल

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा, असा आमचा आग्रह आहे.

चपटा, नाण्यासारखा चमकणारा सेल असतो त्याला आपण बटन सेल म्हणतो. साखरेचे यंत्र, वजनकाटा, छोटे रिमोट, खेळणी, बोटातली तस्बीह यांत तो असतो. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो. 'सीआर 2032' म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. हा लिथियमचा सेल 3 व्होल्टचा असतो आणि त्याची रुंदी नेमकी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकेल अशी आहे.

मुलाने नाणे गिळले आणि बटन सेल गिळला यांत फार मोठा फरक आहे. नाणे नुसते अडकते. सेल ओल्या मांसाला दोन्ही बाजूंनी टेकला की त्याच्यातून वीज वाहू लागते आणि तिथल्या ओलाव्यातच दाहक क्षार तयार होतो. सेल फुटलेला नसला तरी हे होते. दोन तासांच्या आत अन्ननलिकेला खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ती आरपार जाऊन मूल दगावल्याची उदाहरणे जगभर आहेत. अमेरिकेत यासाठी 2022 साली वेगळा कायदाच झाला. बटन सेलची जागा लहान मुलाला सहज उघडता येणार नाही अशीच बनवावी, असे बंधन त्याने उत्पादकांवर घातले.

'तो तर संपलेला सेल होता' म्हणून निश्चिंत राहू नका. वजनकाटा चालवायला कमी पडणारी वीज मुलाच्या गळ्याला जाळायला पुरेशी असते.

सेल गिळताना कोणी पाहिले असेलच असे नाही. मूल अचानक लाळ गाळू लागले, खाणे-पिणे नाकारू लागले, खोकू लागले, उलटी करू लागले, छातीकडे बोट दाखवू लागले आणि घरात एखाद्या वस्तूचे झाकण उघडे दिसले, तर सेलचा संशय धरा. कधी कधी सुरुवातीला कोणतेच लक्षण दिसत नाही. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहायची नाही.

अशा वेळी काय करायचे ते नीट लक्षात ठेवा. उलटी करवू नका. 'नाण्यासारखे केळ्याबरोबर खाली जाईल' म्हणून केळे, भात, भाकरी, दूध देऊ नका. 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून 12 तास झाले नसतील, तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती थर धरतो आणि जखम वाढण्याचा वेग कमी करतो. हा इलाज नव्हे, वाटेतली मदत आहे. मध घरात नसेल तर तो शोधत बसू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

चुडाव्यासारख्या गावातून निघताना गाडीची वेळ पाहत स्थानकावर थांबू नये. जिथे लगेच एक्स-रे निघेल आणि दुर्बिणीने सेल काढता येईल, असेच रुग्णालय गाठावे. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. निघता निघता फोन करून मुलाची दुर्बीण तपासणी कुठे होईल ते विचारून घ्यावे, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात वेळ जात नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'बटन सेल गिळल्याचा संशय आहे' असे सांगावे. एक्स-रेमध्ये सेल आणि नाणे सारखेच गोल दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, त्यावरून तो ओळखतात. त्याच जातीचा दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट घरात असेल तर सोबत न्यावे.

मुलाने सेल नाकात किंवा कानात घातला तरीही हीच घाई करायची. नाकात-कानात तेल किंवा औषधाचे थेंब टाकू नयेत, चिमट्याने उकरू नये.

वडीलधाऱ्यांचीही काळजी घ्या. कानाच्या यंत्राचा सेल गोळीएवढा असतो. नाना रात्री तो काढून औषधांच्या डबीजवळ ठेवतात आणि सकाळी गोळी समजून पाण्याबरोबर घेतला जातो. असे प्रकार घडले आहेत. त्या सेलची डबी औषधांपासून वेगळ्या जागी ठेवा.

खबरदारी फार खर्चाची नाही. ज्या वस्तूचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, त्यावर मजबूत चिकटपट्टी गुंडाळा. बटन सेल बदलला की जुना हातात असतानाच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत दुमडा. टेबलावर 'नंतर उचलू' म्हणून ठेवू नका. ईदीची खेळणी घेताना झाकणाला स्क्रू आहे का, ते दुकानातच पाहून घ्या.

फुगलेली बॅटरी

मोबाइल, पॉवर बँक आणि चार्जिंगच्या टॉर्चमध्ये बहुधा लिथियम आयन बॅटरी असते. ती जुनी झाली, जास्त तापली, आपटली किंवा भलत्याच चार्जरने चार्ज केली की आतले द्रव्य बिघडून वायू तयार होतो. तोच वायू बॅटरीला फुगवतो. मोबाइलचे मागचे झाकण वर आले किंवा टेबलावर ठेवलेला मोबाइल डुलू लागला, तर हेच कारण समजावे.

फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये. टाचणीने हवा काढायचा प्रयत्न तर कधीच करू नये, आतले पापुद्रे एकमेकांना टेकले की ती भडका घेते. तिला पुन्हा चार्जिंगला लावू नये. मोबाइल बंद करावा. बॅटरी सहज सुटी होत असेल तरच काढावी, ओढाताण करू नये. मग पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात कोरडी वाळू घालून तीत ठेवावी. झाकण वर नुसते टेकवावे, घट्ट दाबू नये. डबा अंथरूण, गॅस, कडबा, कापूस यांपासून दूर, सावलीत ठेवावा. चुडाव्याच्या भगिनीने आज एवढे करावे आणि नांदेडला किंवा पूर्ण्याला कोणी जाणार असेल तेव्हा ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किंवा त्या कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावी. आधी विचारून मगच न्यावी. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवून जाऊ नये.

चार्जिंगच्या वेळी मोबाइल गादीवर, उशीखाली किंवा कापडांच्या ढिगावर ठेवू नये, कारण उष्णता बाहेर पडत नाही. रात्रभर चार्जिंगला लावून झोपण्याची सवय सोडावी. बॅटरीने पेट घेतलाच तर आधी सगळी माणसे बाहेर काढावीत. तो धूर विषारी असतो, वस्तू वाचवण्यासाठी त्यात शिरू नये. बटणापर्यंत सुखरूप पोहोचता येत असेल तर वीज बंद करावी आणि 112 क्रमांकावर कळवावे.

इन्व्हर्टर आणि फवारणी पंप

इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. म्हणून ती कोंदट कपाटात किंवा पलंगाखाली ठेवू नये. तिच्याजवळ अगरबत्ती, लोबान, चिलीम, काडी काही पेटवू नये. पाणी घालायचे तर डिस्टिल वॉटरच घालावे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात. खुणेच्या वर पाणी भरू नये, नाहीतर आम्ल बाहेर येते. फरशीवर आम्ल सांडले तर खाण्याचा सोडा पसरावा आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. अंगावर उडाले तर कपडे काढून लगेच पाणी ओतावे.

बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप आता घरोघर आहे. त्यातही पुष्कळदा शिशाचीच छोटी बॅटरी असते. सोयाबीन-कापसाची फवारणी संपली की पंप गोठ्यात टांगला जातो आणि पुढच्या हंगामात बॅटरी मेलेली आढळते. कारण साधे आहे. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि तो पुढे निघत नाही. पंप ठेवताना बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करावी. मोबाइल किंवा पॉवर बँकेचे मात्र उलटे आहे. ती बरेच दिवस पडून राहणार असेल तर साधारण निम्मी चार्ज करून ठेवलेली चांगली.

ठेवायचे कसे

सेलला थंड आणि कोरडी जागा मानवते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत माळ्यावर त्याहूनही जास्त तापते. म्हणून नवे सेल पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नयेत. फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरते आणि गंज येतो. घरातल्या गार खोलीचे, कुलूप लागणारे कपाट सर्वांत बरे.

दोन डबे करावेत, नवे सेल एकात आणि वापरलेले दुसऱ्यात. दोन्ही कोरडे, प्लॅस्टिकचे, झाकणाचे असावेत आणि वर ठळक अक्षरांत नाव लिहावे. स्टीलच्या डब्यात सुटे सेल टाकू नयेत, त्यांची टोके धातूला टेकून ते तापू शकतात. सुटे पैसे, किल्ल्या, खिळे यांच्यात सेल मिसळू नयेत. माइकमध्ये घालतात त्या चौकोनी 9 व्होल्टच्या सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात. त्याला भांडी घासायची तारेची जाळी टेकली तरी ठिणगी पडून आग लागू शकते. त्याच्या टोकांवर आधी चिकटपट्टी लावावी आणि मगच तो डब्यात टाकावा.

नवा सेल घेताना पाकिटावरची तारीख पाहावी. वर्षानुवर्षे दुकानात धूळ खात पडलेला सेल स्वस्त मिळाला तरी लवकर पाझरतो. टॉर्च किंवा खेळणे महिनाभर वापरायचे नसेल तर त्यातले सेल काढून ठेवावेत.

द्यायचे कुठे

आता पत्रातला मूळ प्रश्न. सेल चुलीत किंवा कचऱ्याच्या जाळात टाकायचा नाही, तो फुटतो आणि धुरातून विषारी पदार्थ बाहेर पडतात. पुरायचा नाही, विहिरीजवळ तर नाहीच, कारण जुन्या काही सेलमध्ये पारा, कॅडमियम, शिसे हे धातू असतात आणि ते मातीतून पाण्यात उतरतात.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये बॅटरी कचऱ्याविषयी नवे नियम लागू केले. लहान सेलपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत सगळ्या प्रकारांना ते लागू आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुन्हा प्रक्रिया करण्याची जबाबदारी ते उत्पादकांवर टाकतात. ग्राहकाने त्या घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य जागी द्याव्यात, असेही ते सांगतात. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीचे चित्र आणि त्यावर फुली दिसते, तिचा अर्थ हाच.

इन्व्हर्टरची किंवा पंपाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी. तो तिची किंमत धरून नव्या बॅटरीत वजा करतो. पावतीवर तसे लिहून घ्यावे. दारावर आलेला अनोळखी माणूस शंभर-दोनशे रुपये जास्त देतो म्हणून त्याला ती देऊ नये. ती कुठे तरी उघड्यावर फोडली जाते, आम्ल जमिनीत ओतले जाते आणि शिसे भट्टीत वितळवले जाते. त्या भट्टीशेजारीही कोणाची तरी मुले खेळत असतात.

सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढण्याचा धंदा चाले आणि त्या मातीतून शिशाचे कण चाळून विकण्यासाठी बायका ती माती घरी आणत. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तिथे 18 लहान मुले दगावली. पुढे तपासणीत शिशाची विषबाधा उघड झाली. त्या माउलींना पोट भरायचे होते. आपण घरी काय आणतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगात सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी वाटावी इतके आहे, आणि त्यात भारतातली मुले फार मोठ्या संख्येने आहेत. शिशाने मुलाची बुद्धी आणि वाढ खुंटते, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून जुनी बॅटरी ही अमानत समजावी. ती योग्य हातात पोहोचेपर्यंत जबाबदारी आपली.

लहान सेलचे काय? खेड्यात आज ते घेणारा माणूस दारात येत नाही, हे खरे आहे. तोवर वापरलेल्या सेलचा डबा भरत राहू द्यावा. तो जागा फार अडवत नाही. गावातली चार-पाच घरे, शाळा किंवा ग्रामपंचायत मिळून एक डबा ठेवू शकतात. त्यात फक्त टोकांना चिकटपट्टी लावलेले कोरडे सेल टाकावेत. पाझरलेले सेल वेगळ्या पिशवीत बांधावेत. लिथियमच्या आणि फुगलेल्या बॅटऱ्या या डब्यात मुळीच टाकू नयेत. डबा भरला की नांदेड किंवा परभणीला इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. ग्रामसभेत एखाद्या भगिनीने उठून "घरातल्या सेलचा कचरा आपली ग्रामपंचायत कुठे पाठवते?" एवढे विचारले तरी सुरुवात होईल.

घरात लहान मूल असेल तर बाकी सगळे पुढच्या आठवड्यावर ढकलले तरी चालेल, पण बटन सेलचे काम आजच करावे. प्रत्येक रिमोट, खेळणे, काटा आणि तस्बीह हातात घेऊन तिचे झाकण ओढून पाहावे.

तुमच्या गावात किंवा तालुक्यात जुने सेल खरोखर कोण घेतो, कोणत्या दिवशी आणि कोणत्या अटीवर, हे आम्हाला पत्राने कळवा. आलेली माहिती तपासून पुढील अंकात जिल्हावार देऊ. चुडाव्याच्या भगिनीचे आभार. पुढील महिन्यात गॅसची नळी आणि शेगडी यांविषयी बोलू.